दोघे, तिघे आणि बंद दार

जे पायी चालत आले आहेत त्यांच्या पायांना वंदन. पाय पसरून बसा, संकोच करू नका. कीर्तनकाराने उभे राहायचे आणि श्रोत्यांनी बसायचे, हा नियम ज्याने केला त्याने यात्रेकरूंचा विचार करूनच केला असावा.

निरूपणाला आज मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय, ओवी 20. ती तुम्हांला पाठ आहे, म्हणून म्हणून दाखवत नाही. अर्थ तेवढा सांगतो: प्रभूच्या नावाने दोघे-तिघे जरी जमले, तरी तो त्यांच्यामध्ये असतो.

आता खरं सांगा, ही ओवी तुमच्या वस्तीवर केव्हा निघते? प्रार्थनेला माणसं कमी आली की निघते! पाऊस आहे, ऊसतोड चालू आहे, टीव्हीवर सामना आहे. सात घरांतून चार माणसं आली. मग पुढारी घसा साफ करतो आणि म्हणतो, हरकत नाही, दोघे-तिघे असले तरी प्रभू आहे. ओवी म्हणजे जणू गैरहजरांचा रजेचा अर्ज. मीसुद्धा तो पुष्कळदा भरला आहे.

पण ज्यांच्यापुढे प्रभू हे बोलला ते सगळे यहुदी होते, हे ध्यानात घ्या. यहुदी रीतीप्रमाणे सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. आपल्या कोकणातले बेने इस्रायल लोक, मराठी बोलणारे, त्यांच्यातही मराठी कीर्तनाची परंपरा आहे बरं का, त्यांना विचारा. 1948 नंतर पुष्कळ कुटुंबं इस्रायलला गेली, आणि मागे राहिलेल्या गावात सभास्थान आहे, दिवा आहे, पुस्तक आहे, पण दहा माणसं जमवायची कशी, ही काळजी. दहाची किंमत त्यांना कळते. आणि प्रभू म्हणतो, दोन, तीन. यात बायका मोजल्या, मुलं मोजली, ज्याला अक्षर येत नाही तोही मोजला.

त्याच्या अलीकडची ओवी, 19 वी. तिथे दोघांनी एकमत होऊन मागण्याची गोष्ट आहे. मूळ ग्रीक भाषेत एकमत होण्यासाठी जो शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ एकत्र नाद होणे, सूर जुळणे. इंग्रजीतला सिम्फनी हा शब्द त्याच कुळातला. आता हे पंडितांना समजावून सांगावं लागेल, पण आमच्या पेटीवाल्याला आणि मृदंगवाल्याला सांगायला नको. कीर्तन सुरू होण्याआधी पाव तास हे दोघे काय ठोकत-पिळत होते ते तुम्ही पाहिलंत. पेटीचा सूर हलत नाही, मृदंगाला कणीक कमीजास्त करावी लागते. कोणीतरी हलावं लागतं, तेव्हा जुळतं.

(येथे भजन झाले.)

आता आमच्या मंगळवारच्या बैठकीचं थोडं सांगतो, कारण मला जे काही कळलं ते तिथेच कळलं. सात घरांची वस्ती. दर मंगळवारी रात्री जेवणं आटोपली की एका घरी जमायचं, घर फिरतं. प्रथम एकजण उतारा वाचतो. मग तोच उतारा दुसरा कोणी पंडिता रमाबाईंच्या भाषांतरातून वाचतो. रमाबाईंना संस्कृत मुखोद्गत. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, आणि कोणती मराठी? साध्या बायकांना समजावी म्हणून केलेली. केडगावच्या मुक्तिसदनातल्या बायका त्याचे खिळे जुळवायच्या. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, ते काम हातावेगळं करूनच. त्याच रमाबाईंनी 1905 च्या जानेवारीत मुलींना विचारलं होतं, रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल? सुमारे सत्तरजणी उठल्या. शेकडो मुलींच्या आश्रमात सत्तर. त्यांनी तिथून सुरुवात केली.

तर दोनदा वाचन झालं की थोडा वेळ कोणी बोलायचं नाही. मग ज्याला जो शब्द लागला तो त्याने सांगायचा. प्रवचन नको, शब्द सांग. शेवटी विनंत्या: कोणाची सोनोग्राफी आहे, कोणाचा मुलगा दारूत बुडतोय, कोणाचा कारखान्याकडून हप्ता आला नाही. इथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. प्रार्थनेची विनंती म्हणून शेजाऱ्याची भानगड चार घरांत पोहोचवायची, ही कला आपल्या लोकांना फार चांगली येते. “प्रभू, तिच्या सुनेला सद्बुद्धी दे,” म्हटलं की सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि कान उघडे! विनंती मागायची ती स्वतःची. आणि घरात बोललेलं घरात ठेवायचं.

या बैठकीत एक म्हातारी येते. तिला सगळे मोठी आई म्हणतात. अक्षर ओळखत नाही, पण ऐकलेलं विसरत नाही. एका मंगळवारी पावसामुळे माणसं कमी होती. मी पुढारी. मी रजेचा अर्ज काढला, ती 20 वी ओवी. वाचली, गोड गोड बोललो. मोठी आई म्हणाली, “बाळा, ह्याच्या वर काय लिहिलंय?”

मी म्हटलं, “वर दुसरा विषय आहे.”

“दुसरा म्हंजी कोणता? वाच की.”

मंडळी, मला वाचायचं नव्हतं. का, ते ऐका. त्या खोलीत, दाराजवळ, माझा थोरला चुलतभाऊ बसला होता. आमची विहीर सामाईक. तीन दिवस त्याची पाळी, तीन दिवस माझी. एका उन्हाळ्यात रात्रीची लाइट होती, मी त्याच्या पाळीत दोन तास मोटार चालवली. दोन तास पाणी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगू का? मी म्हणायचो, आधी त्याने माझी पाळी खाल्ली होती. ते खरंही होतं. पण दोन वर्षं आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. दर मंगळवारी एका खोलीत, एका पुस्तकासमोर, डोळे मिटून. देवाशी दोघेही बोलत होतो.

मी वाचलं. वर 15 व्या ओवीपासून काय आहे? भावाने तुझा अपराध केला तर तू जा, दोघेच असताना त्याला सांग. ऐकलं नाही तर आणखी एक-दोघांना घेऊन जा, कारण नियमशास्त्रात कोणतीही गोष्ट दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडाने ठरते. अनुवादाच्या पुस्तकात तसा नियमच आहे. तेही जमलं नाही तर मंडळीला सांग. आणि मग, याच बोलण्याच्या ओघात, ते दोघे-तिघे येतात! ते भांडण मिटवायला बसलेले दोघे-तिघे आहेत हो. हजेरी कमी म्हणून उरलेले नव्हेत.

मोठी आई म्हणाली, “आन् खाली?”

खाली तर आणखी अवघड. खाली पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? प्रभू त्याला सातांच्या सत्तर वेळा सांगतो. मग त्या चाकराचा दाखला, ज्याला धन्याने फेडता न येणारं डोंगराएवढं कर्ज माफ केलं, आणि बाहेर पडताच त्याने आपल्या सोबत्याचा गळा धरला. कशासाठी? शंभर दिनारांसाठी. दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. म्हणजे रक्कम अगदीच किरकोळ नव्हे. कोणालाही चार वर्षं आठवत राहील अशी. दोन तासांच्या पाण्याएवढी.

माझी ओवी वरून भांडणाने आणि खालून क्षमेने चेपलेली होती. मी वर्षानुवर्षं ती मधूनच उपटून घेत होतो. खोलीत कोणी बोललं नाही. प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. क्षमेच्या ओळीवर माझा आवाज गेला. दादा उठून चप्पल घालून निघून गेला. पुढच्या मंगळवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

एकट्याने वाचलं असतं तर मी वर-खाली पाहिलं नसतं. एवढ्यासाठी चारजणांत बसून वाचायचं.

(येथे भजन झाले.)

आता आख्यान. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 12. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीने मारलं. लोकांना ते आवडलं असं पाहून पेत्रालाही धरलं. बेखमीर भाकरीच्या सणाचे दिवस. पहारा केवढा? चार-चार शिपायांच्या चार टोळ्या. एका कोळ्यासाठी सोळा शिपाई! पेत्र दोन साखळ्यांनी जखडलेला, दोन शिपायांच्या मध्ये, आणि काय करतोय? झोपलाय. उद्या मरण आहे आणि गडी झोपलाय.

तिकडे यरुशलेमेत योहान मार्काची आई मरीया, तिच्या घरी मंडळी जमून प्रार्थना करताहेत. देऊळ नाही, पाटी नाही. एका बाईचं घर. पहिल्या ख्रिस्ती लोकांची मंडळी अशी घराघरांतच भरायची.

इकडे देवदूत आला, कोठडीत उजेड पडला. पेत्राच्या कुशीत मारून उठवलं. कंबर बांध, वहाणा घाल, अंगरखा घे. लहान मुलाला शाळेत पाठवताना आई सांगते तसं! पहिला पहारा, दुसरा पहारा, लोखंडी दरवाजा आपोआप उघडला. एक रस्ता चालून गेले आणि देवदूत नाहीसा. आता पेत्र मार्काच्या आईच्या दारी येऊन कडी वाजवतो. रुदा नावाची मुलगी कानोसा घ्यायला आली. आवाज ओळखला. आणि आनंदाच्या भरात काय केलं? दार न उघडताच आत पळाली!

“पेत्र दाराशी उभा आहे!”

प्रार्थनेला बसलेले काय म्हणाले? तुला वेड लागलंय. ती म्हणते, नाही हो, तोच आहे. मग म्हणतात, त्याचा देवदूत असेल. ज्याच्यासाठी रात्रभर गुडघे टेकले, तो दारात उभा, आणि आतले दार उघडायच्या ऐवजी वाद घालताहेत. पेत्र आपला ठोठावतोच आहे. तुरुंगाचं लोखंडी दार आपोआप उघडलं, प्रार्थना करणाऱ्यांचं दार तेवढं उघडेना! मला ही जागा फार आवडते. शास्त्र आपल्या लोकांची अशी गंमत झाकून ठेवत नाही.

आणि याकोब? तो गेलाच की. त्याच्यासाठी कोणी प्रार्थना केली नव्हती का? शास्त्र तिथे गप्प आहे. आमच्या बैठकीत एका बाईचा नवरा गेला, तिच्यासाठी सगळ्यांनी महिनाभर प्रार्थना केली होती. ती मंगळवारी येऊन बसते, विनंतीची पाळी आली की मान हलवते. तिला कोणी उत्तर द्यायला जात नाही. शेजारी सरकून बसतात.

आता विहिरीकडे येतो. दादा आला नाही तेव्हा मोठी आई मला म्हणाली, “जा त्याच्याकडे.” मी म्हटलं, अपराध त्याचाही आहे, त्याने यावं. ती म्हणाली, “मागं तूच वाचलं व्हतं, वेदीपाशी आठवलं तर दान तिथंच ठेव आन् आधी भावाकडं जा.” मत्तय, 5 वा अध्याय. म्हणजे पाहा: भावाने माझा अपराध केला तर मी जायचं, आणि भावाच्या मनात माझ्याविषयी काही असलं तरी मीच जायचं. दोघांनी शास्त्र पाळलं तर दोघांची गाठ बांधावरच पडायची! पण बांधावर कोणी नव्हतं. मी एकटाच गेलो.

दार वाजवलं. पुतणीने उघडलं, मला पाहिलं, आणि मला उंबऱ्याबाहेर तसाच ठेवून आत पळाली. “बाबा, अप्पा आलेत!” आतून दादाचा आवाज, “कोण अप्पा? काहीतरी सांगू नको.” मी अंगणात, कुत्रं भुंकतंय, आणि मला रुदा आठवून हसू येत होतं आणि पायही कापत होते.

दादा बाहेर आला. बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “त्या दिवशी मोटार कितीला बंद केलीस?”

“चारला.”

“मी पावणेचारपासून जागा होतो. विहिरीच्या कडेला बसून बघत होतो.”

चहा आला. पाण्याचं पूर्ण मिटलेलं नाही. दिवाळीनंतर गावातले दोघे जाणते बसणार आहेत, तासांचा हिशेब करायचाय. त्याने माझी पाळी कधी खाल्ली होती तेही त्यात येईल, मी ते सोडलेलं नाही, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या मंगळवारी धो धो पाऊस होता. मी पुस्तक उघडलं तेव्हा खोलीत मोठी आई होती, मी होतो, आणि छत्री झटकत दादा आत आला. अध्याय कोणता वाचायचा, हे मोठ्या आईने त्याला विचारलं. तो म्हणाला, “तोच. पण वरून वाच.”

बोला, प्रभू येशू ख्रिस्ताचा जयजयकार असो! पेटी घ्या, भजन म्हणू.