जाळ्यांतील गर्दी आणि धाडणाऱ्याचा संयम



शाळामास्तरानें संगणकांच्या जाळ्यावर बोलावें, हें आपणांस चमत्कारिक वाटेल. परंतु या विषयाचें मुख्य तत्त्व मला शाळेच्या जिन्यावरच शिकावें लागलें.

एके दिवशीं मोठा पाऊस आला, म्हणून शाळा लवकर सोडली. जिना एकच, मुलें ३००. रांग खोळंबलेली पाहून मी वरून ओरडलों, "लवकर चला!" मागच्यांनीं पुढच्यांस रेटलें आणि एका मुलाचा हात मोडला. दोष माझ्या घाईचा होता.

संगणकांच्या जाळ्यांत मजकूर अखंड जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे करून धाडतात. या तुकड्यांस 'पॅकेट' हें नांव ब्रिटनमधील डोनाल्ड डेव्हिस यांनीं दिलें. प्रत्येक तुकड्यावर मुक्कामाचा पत्ता असतो. वाटेंतील ठाण्यांवर ते रांगेंत थांबतात व मार्ग मोकळा होतांच पुढें जातात. त्यामुळें एकाच तारेवर अनेकांचें काम भागतें. या रचनेची काटकसर ती हीच, आणि धोकाही हाच. ठाण्यांतील जागा भरली कीं नवे तुकडे टाकून दिले जातात. पोंच न आल्यानें धाडणारा तोच तुकडा पुन्हां धाडतो, आणि गर्दी आणखीच वाढते.

सन १९८६ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत याचा अनुभव आला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील विद्यापीठ यांत अंतर अवघें ४०० यार्ड. परंतु सेकंदास ३२,००० बिटांचा वेग घसरून ४० बिटांवर आला!

व्हॅन जेकबसन व मायकेल कॅरल्स यांनीं सुचविलेला उपाय १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं वाट रुंद केली नाहीं. धाडणाऱ्यासच शिस्त लावली. आरंभ थोड्या तुकड्यांनीं करावा. पोंच येईल तसें प्रमाण वाढवावें. तुकडा हरवला, तर वाट भरली असें समजून आपली मर्यादा निम्म्यावर आणावी आणि मग बेताबेतानें वाढवावी.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हा नियम पाळावयास लावणारा शिपाई वाटेवर उभा नसतो. तो ज्याच्या त्याच्या यंत्रांत असतो. एखाद्यानें तो मोडला, तर त्यास इतरांहून अधिक वाटा मिळेलही. परंतु सर्वांनींच मोडला, तर कोणाच्याच हातीं कांहीं लागणार नाहीं.

त्या प्रसंगानंतर मीं ओरडणें सोडलें आणि एकेक वर्ग क्रमानें सोडूं लागलों. जिना तोच होता, तरी मुलें पूर्वीपेक्षां लवकर घरीं पोंचूं लागलीं.