सुवासाची मालकी कोणाची?

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा सारांश)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने तांदळाच्या सुवासावर बोलावे याचे आपणास नवल वाटेल. परंतु ज्या गुणाला बाजारात जादा दाम मिळतो, त्या दामाची वाटणी कशी होते हे पाहणे अर्थशास्त्राचेच काम आहे.

आपल्या इगतपुरीच्या खाचरांतून पिकणारा 'इंद्रायणी' हा वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली प्रसृत केला. आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांचा तो संकर. भरघोस उत्पादन एकाचे, सुवास दुसऱ्याचा. उंच वाढणारा, खताचा मारा होताच लोळणारा आणि कमी उतारा देणारा आंबेमोहोर शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखला नसता, तर पैदासकाराच्या हाती काय उरले असते?

असे वाण ओळखण्याचे शास्त्र आता पुष्कळ पुढे गेले आहे. पूर्वी नाक हेच साधन होते. १९७८ साली भारतीय शास्त्रज्ञांनी पाने सौम्य क्षारात भिजवून वास घेण्याची सोपी रीत दिली. २००५ साली सुवासाचे मूळ आठव्या गुणसूत्रावरील एका जनुकात सापडले. त्यातील आठ अक्षरे गळाल्याने सुवासिक द्रव्य दाण्यात साठते. हा गुण अप्रभावी असल्याने संकराच्या पहिल्या पिढीत लपतो व दुसऱ्या पिढीत सुमारे चौथाई रोपांत प्रकटतो. अशी रोपे दाणा भरण्यापूर्वीच निवडता येणे, हा पैदासकाराचा मोठाच लाभ आहे.

मात्र हाच बदल बासमतीत आणि इतर अनेक सुवासिक वाणांत आढळतो. म्हणजे प्रयोगशाळा सुवास आहे एवढे सांगते; तो कोणी जोपासला हे सांगत नाही. ते ज्ञान गावात आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना 'पद्मश्री' जाहीर झाली. असे ज्ञान कागदावर नसले, की ते दुसऱ्याच्या कागदावर जाते. १९९७ साली राइसटेक या अमेरिकी कंपनीने बासमतीसंबंधी पेटंट मिळवले. भारताने आव्हान दिल्यावर तिचे बहुतेक दावे गळून पडले. २००२ साली रायपूरच्या कृषी विद्यापीठातील भातवाणांच्या संग्रहाबाबत सिंजेंटा कंपनीशी होऊ घातलेला करार जनतेच्या विरोधामुळे बारगळला.

२००१ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी, लाभातील वाटा आणि राष्ट्रीय जनुक निधी यांची तरतूद केली. कायदा चांगला आहे. पण अर्ज भरणाऱ्याच्याच तो उपयोगी पडतो. जुना वाण राखणारा आदिवासी शेतकरी दर हंगामात उत्पन्नातील तूट सोसतो आणि त्याचा लाभ साऱ्या समाजाला होतो. ही तूट समाजाने भरून देणे ही मेहेरबानी नव्हे, देणे आहे.

म्हणून दोन कामे सुचवतो. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा तालुक्यांत भात फुलोऱ्यावर असताना गावोगाव जाऊन सुवासिक वाणांची, ते राखणाऱ्यांच्या नावांसह यादी करावी; आणि ग्रामसभेच्या ठरावाने नोंदणीचा आग्रह धरावा. जुना वाण पेरणाऱ्यास शासनाने एकरी मोबदला द्यावा, ही मागणीही त्याच ठरावात घालावी. बियाणे हातात असेतोवरच त्यावरचा हक्क सांगता येतो.