हरलेल्या डावांची वही

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावेत, असा निरोप चिटणीसबाईंनी पाठविला आणि विषय विचारला. मी म्हटले, "पत्ते." त्या क्षणभर गप्पच झाल्या. वर्धापनदिनाला पत्त्यांवर भाषण, हे त्यांना थोडे विपरीत वाटले असावे. परंतु मला आज आपणांपुढे एक कबुली द्यावयाची आहे, आणि ती पत्त्यांशिवाय देता येत नाही.

माझा धाकटा नातू चौदा वर्षांचा आहे. तो पत्ते खेळतो. पण ते आपले बदामसात किंवा झब्बू नव्हेत. त्याच्या पत्त्यांवर चित्रविचित्र प्राण्यांची चित्रे असतात, आणि खेळाचे नाव पोकेमॉन. हा पत्त्यांचा खेळ १९९६ साली जपानात निघाला. त्याच्या तीन वर्षे आधी, १९९३ मध्ये, रिचर्ड गारफील्ड नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने 'मॅजिक' नावाचा खेळ काढला होता. या तऱ्हेच्या खेळांची सुरुवात तेथपासून धरतात. आपल्या नेहमीच्या पत्त्यांत बावन पाने असतात आणि ती सर्वांना सारखीच. येथे तसे नाही. हजारो निरनिराळ्या पानांतून आपल्या पसंतीची साठ पाने निवडून, ज्याने त्याने आपला जोड घरूनच बांधून न्यावयाचा. मुले त्याला डेक म्हणतात. साध्या शक्तीची पाने सोडली, तर एका नावाची चारांहून जास्त पाने घेता येत नाहीत. आपल्या मिसळणाच्या डब्यासारखेच म्हणा ना! वाट्या ठराविक, त्यांत काय आणि किती भरावयाचे, ती ज्याच्या त्याच्या घरची रीत.

या खेळाच्या स्पर्धा होतात. रविवारी सकाळी डांगे चौकातून बस धरून मी त्याला पुण्याला घेऊन जात असे. मुलगा आणि सूनबाई दोघेही कारखान्यात पाळीवर. तेव्हा हे काम आजीकडे. स्पर्धा स्विस पद्धतीने होते. बुद्धिबळात ही पद्धत १८९५ साली झुरिकच्या स्पर्धेत प्रथम वापरली गेली. तिच्यात हरलेल्याला घरी पाठवीत नाहीत. जवळपास तेवढेच गुण असलेल्या दुसऱ्या खेळाडूसमोर त्याला पुन्हा बसवितात. पद्धत न्यायाची आहे यात शंका नाही. परंतु ज्या मुलाचा दिवस वाईट आहे, त्याला एकाच दिवसात चार वेळा हरावे लागते, हेही तितकेच खरे.

माझा नातू तसाच हरू लागला. तीन स्पर्धा झाल्या, बारा डाव झाले, आणि त्यांतला एकच त्याने जिंकला. परतताना तो खिडकीला डोके टेकून बसे, बोलत नसे. डबा तसाच परत येई. एके दिवशी मी सहज, त्याला हसवावे म्हणून बोलून गेले, "अरे, तुझ्या पत्रिकेत पत्त्यांचा योगच नाही रे बाळा!" तो हसला नाही.

आता ती कबुली. गेल्या वर्षी श्रावणातली आपली भिशी एक दिवस उशिरा झाली, हे पुष्कळजणींना आठवत असेल. बँकेला सुट्टी होती, असे मी सांगितले होते. ते खोटे होते. पैसे माझ्याकडे जमा होते, आणि ते मोजताना अठराशे रुपये कमी भरले. रात्री नातवाची गादी झटकताना खाली चकचकीत कागदाची फाडलेली पाकिटे सापडली. या खेळाची पाने बंद पाकिटांत विकतात. आत कोणते पान निघेल, हे पाकीट फोडल्यावाचून कळत नाही. एखादे दुर्मिळ, बलवान पान निघावे आणि आपले हरणे थांबावे, म्हणून पोराने माझ्या डब्यातले पैसे घेतले होते. मी विचारताच त्याने सारे सांगितले, आणि मग पहाटेपर्यंत तो रडत होता.

त्याचे वडील म्हणाले, "उद्या ती सगळी पाने भंगारात द्या." सूनबाई काही बोलल्या नाहीत, परंतु त्यांचा चेहरा मला पाहवेना. मी दुसऱ्या दिवशी माझ्या पासबुकातले पैसे काढून भिशी पुरी केली, आणि मुलाजवळ तीन महिन्यांची मुदत मागितली. तो म्हणाला, "आई, तू त्याला पाठीशी घालतेस." मी म्हटले, "नाही. यात माझाही दोष आहे." कारण रात्रभर एकच विचार मला टोचत होता. तुझे नशीब खोटे आहे, असे त्याला प्रथम कोणी सांगितले? मीच. आणि हरणे नशिबाने होते असे ज्याला वाटते, तो दुसरे काय करील? तो नशीब विकत घ्यावयास जाईल.

भगिनींनो, नल-दमयंतीची कथा आपण सर्वजणी जाणतो. द्यूतात सर्वस्व हरून युधिष्ठिर वनात गेला, आणि माझ्याएवढा दुर्दैवी राजा कोणी झाला आहे काय, असे त्याने विचारले. तेव्हा बृहदश्व मुनींनी त्याला ही कथा सांगितली. नल हरत गेला आणि हरता हरता अधिकच पणाला लावीत गेला, कारण त्याच्या अंगात कलीने प्रवेश केला होता. दमयंतीने काय केले? तिने ओळखले की आता हा थांबणार नाही, आणि सारथ्याबरोबर आपली दोन्ही मुले माहेरी, विदर्भात कुंडिनपुरास पाठवून दिली. घर बुडत असताना जे वाचविता येईल ते तिने आधी वाचविले.

एवढा भाग सर्वांच्या ध्यानात राहतो. पुढचा भाग आपण लगबगीने वाचतो, आणि खरी शिकवण तर तेथेच आहे. नल पुढे बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. वाटेत ऋतुपर्णाने एका बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून त्याची पाने व फळे किती ते सांगितले. नलाने रथ थांबविला. ज्या राजाला घाई होती, त्याला त्याने खोळंबून ठेवले आणि फळे मोजून पाहिली. ती तंतोतंत भरली. तेव्हा त्याने ऋतुपर्णापासून ती विद्या, अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, मागून घेतली. आणि ती विद्या येताच कली त्याच्या अंगातून बाहेर पडला. पाहा बरे! कली मंत्रतंत्राने गेला नाही. मोजावयास शिकल्याने गेला.

म्हणून आम्ही एक शंभरपानी वही आणली. नियम तीन ठरले. एक, पाकिटे विकत घ्यावयाची नाहीत. दोन, अठराशे रुपये त्याने आपल्या खाऊच्या पैशांतून दरमहा दोनशेप्रमाणे मला फेडावयाचे. आणि तीन, हरलेला प्रत्येक डाव त्याच दिवशी वहीत लिहावयाचा. 'नशीब' हा शब्द मात्र लिहावयाचा नाही.

पुढच्या तीन स्पर्धांत आणखी बारा डाव झाले. दोन जिंकले, दहा हरले. त्या दहांचा हिशेब असा निघाला. चार डावांत पहिल्या हातातच त्याचा घात झाला होता. एका डावात हवे असलेले पान बाजूस ठेवलेल्या पानांत अडकले होते. तीन डावांत त्याने स्वतः घाईने चूक केली होती. आणि दोन डावांत समोरचा खेळाडू सरळ सरळ सरस होता.

आता पहिल्या चारांचे पाहू. या खेळात सुरुवातीस सात पाने घेतात. त्यांत निदान एक तरी मूळ प्राणी असावाच लागतो. नसला, तर हात दाखवून पाने पुन्हा पिसावयाची, आणि त्याबद्दल समोरच्याला एक पान जादा घेता येते. माझ्या नातवाच्या साठ पानांत मूळ प्राणी होते आठ. बाकी सारी मोठमोठी, वाढ झालेली बलवान जनावरे. सगळी पक्वाने, आणि पोळीचा पत्ता नाही, असे ते ताट! थोरली नात बारावीला आहे. तिने कागद घेऊन गणित मांडले. साठांत आठ मूळ प्राणी असले, तर शंभरांतून सुमारे पस्तीस वेळा पहिल्या हातात एकही येत नाही. तेच बारा ठेवले, तर एकोणीस वेळा. जी गोष्ट पोर इतके दिवस साडेसाती समजत होते, ती तिने एका कागदावर उलगडून दाखविली.

तिने आणखीही सांगितले. ज्या पानाची चार प्रती घेऊन तो वाट पाहत बसे, ते पहिल्या सात पानांत शंभरांतून चाळीस वेळाच येते. साठ वेळा येत नाही. डावाच्या आरंभी सहा पाने उपडी करून बक्षीस म्हणून बाजूस ठेवतात. तेव्हा ज्या पानाची एकच प्रत आहे, ते दहांतून एकदा तेथे जाऊन बसणारच. म्हणजे ज्याच्यावर सारा डाव अवलंबून आहे, असे पान एकच ठेवू नये. आणि दोन खेळाडू अगदी तुल्यबळ असले, तरी ठराविक पाच डाव ओळीने हरण्याचा संभव बत्तिसांत एक असतो. वर्षाला शंभर डाव खेळणाऱ्याच्या वाट्याला अशी ओळ आली, तर त्यात नवल काहीच नाही.

घाईचे तीन डाव मात्र गणितात बसत नव्हते. वहीत पाहता ते तिन्ही शेवटच्या फेरीतले निघाले, दुपारी तीननंतरचे, आणि तिन्ही दिवशी डबा तसाच परत आलेला! हा हिशेब मात्र माझ्या खात्यातला होता. दुसऱ्या फेरीनंतर दोन पोळ्या आणि ताक घेतल्यावाचून पुढच्या टेबलाशी बसावयाचे नाही, असा मी दंडक घातला. राहिले दोन डाव. सरस खेळाडूपुढे हरलो तर काय करावे? मी म्हटले, "ऋतुपर्णाला विचारले, तसे विचार." त्यांतली एक कॉलेजातली मुलगी होती. पुढच्या स्पर्धेत भेटली, तेव्हा त्याने संकोच सोडून विचारले, "ताई, माझं कुठं चुकलं?" तिने दहा मिनिटे पाने मांडून समजाविले. त्या दहा मिनिटांत जे मिळाले, ते अठराशे रुपयांच्या पाकिटांत नव्हते.

यानंतर तो विजेता झाला, असे आपणांस वाटत असेल, तर तसे काही झाले नाही. पुढच्या स्पर्धेत चारांतले दोन जिंकले, त्यापुढे एकदा तीन, आणि नंतर पुन्हा एकच. त्या शेवटच्या दिवशी पहिल्याच डावात त्याचा हात पुन्हा रिकामा आला. माझ्या पोटात गोळा आला. त्याने हात दाखविला, पाने शांतपणे पिसली, माझ्याकडे वळून म्हणाला, "आजी, शंभरातले एकोणीस!" आणि हसला. तो डाव तो हरला. पण येताना त्याने डबा रिकामा आणला.

आपल्या थेरगावाला हे परके वाटू नये. येथल्या वेंगसरकर अकादमीत घडलेला ऋतुराज गायकवाड २०२० च्या आयपीएलमध्ये प्रथम खेळावयास उतरला, तेव्हा त्याच्या पहिल्या तीन डावांच्या धावा होत्या शून्य, पाच आणि शून्य. त्याआधी कोरोना झाल्यामुळे त्याला बरेच दिवस एकट्याने काढावे लागले होते. पुढच्या तीन डावांत त्याने नाबाद ६५, ७२ आणि नाबाद ६२ धावा केल्या. आणि २०२१ च्या स्पर्धेत ६३५ धावा काढून तो सर्वांच्या पुढे राहिला. त्या तीन अपयशांनंतर कोणी त्याची पत्रिका काढून बसले असते, तर?

आणि आपणही, भगिनींनो, काही निराळ्या नाही. मागे आपल्या मंडळाने दिवाळीच्या फराळाची विक्री केली, तीत तोटा आला. "जागा लाभली नाही," असे म्हणून आपण तो उद्योग सोडून दिला. त्या तोट्याची वही कोणी उघडली काय? चकली किती उरली, लाडू कोणत्या दिवशी संपले, तुपाचा भाव काय पडला, हे कोणी मांडले काय? माझी कार्यकारिणीस नम्र विनंती आहे की, यंदा ती वही उघडावी. कदाचित तोटा जागेचा नसेल; नुसती पक्वानेच फार झाली असतील!

गेल्या महिन्यात नातवाने शेवटचे दोनशे रुपये माझ्या हातावर ठेवले. भिशीचे पैसे आता मी कुलपात ठेवते. पण ते पोराच्या भीतीने नव्हे, तर दुसऱ्याचे पैसे कुलपातच असावेत, हे मला आधीच कळावयास हवे होते, म्हणून. बँकेला सुट्टी होती असे जे मी आपणांस सांगितले, त्याबद्दल आज सर्वांसमक्ष क्षमा मागते. आज हे बोलू का, असे मी नातवाला विचारले होते. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "सांग. पण वहीचंही सांग."

ते सांगून झाले.