मुका जीव, बोलका जीव आणि मनाचे आजार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



मनोविकारांच्या संशोधनात प्राण्यांच्या वर्तनावरून मानवी मनाचा अंदाज बांधला जातो. तो कितपत खरा, हे अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजाने विचारलेच पाहिजे. या बाबतीत आपल्या सह्याद्रीतही आढळणाऱ्या सर्पगंधेचा इतिहास उद्बोधक आहे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील सर्पगंधेच्या गुणाविषयीचे निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळांतून रेसरपिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते घेणारे काही रुग्ण उदास झाल्याच्या नोंदी पुढे आल्या. प्रयोगशाळेत तेच औषध दिलेले ससे निश्चल होत. या दोन गोष्टींची सांगड घालून प्राण्याची निश्चलता हा मानवी विषादाचा नमुना मानला गेला.

स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये अशा सशांना एल-डोपा दिले आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. त्या दिशेने झालेल्या संशोधनातून कंपवातावरील उपचार लाभला. कार्लसन २००० च्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले. मात्र रेसरपिनमुळे विषाद जडतो, हे विधान नंतरच्या पुनर्परीक्षणांत पूर्वीइतके भक्कम राहिले नाही.

निश्चलता एकच, हालचालीचा विकार म्हणून तिचा अर्थ लावला तेव्हा ती असंख्य रुग्णांना उपकारक ठरली, अंतःकरणातील दुःख म्हणून लावला तेव्हा संशय उरला. आम्ही कापड व्यापारी नमुन्यावरून माल पारखतो. परंतु नमुना त्याच ताग्यातला असावा लागतो.

याचा अर्थ प्राण्यांना मन नाही, असा मुळीच नव्हे. आहार, भय, मैथुन आणि परिग्रह या चार संज्ञा सर्व संसारी जीवांत आहेत, आणि गाय, हत्ती, ससा यांसारख्या गर्भज पंचेंद्रिय जीवांना आपल्या शास्त्रांनी संज्ञी, म्हणजे मनसहित मानले आहे. येथेच खरा पेच आहे. प्राण्याचे मन आपल्याहून अगदी वेगळे असेल, तर त्यावरून काढलेला निष्कर्ष लंगडा. आणि आपल्यासारखेच असेल, तर त्याची वेदनाही आपल्यासारखीच!

प्रयोगातील प्राण्यांना अनावश्यक वेदना होऊ नयेत, ही जबाबदारी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने शासकीय समितीवर सोपविली आहे. २०२३ मध्ये औषध चाचणीच्या नियमांत प्राण्यांविना होणाऱ्या पद्धतींनाही स्थान मिळाले. जीवदयेचे कार्य करणाऱ्या संस्थांनी या बदलाचा पाठपुरावा करावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

आणखी एक विनंती. ससा का निश्चल बसला, हे तो सांगू शकत नाही. मनुष्याला वाणी लाभली आहे. कमतरता असते ती विचारणाऱ्याची. इष्टवियोग, अनिष्टसंयोग, वेदना आणि निदान असे आर्तध्यानाचे चार प्रकार आपण पाठ करतो. पण घरातला मुलगा, सून किंवा वृद्ध पिता अबोल झाला, तर स्वभाव म्हणून सोडून देतो. त्याच्याजवळ बसावे, विचारावे, ऐकावे आणि गरज भासल्यास संकोच न धरता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. मुक्या जीवांवरील करुणा घरातील अबोल झालेल्या जीवापर्यंतही पोहोचली पाहिजे.