दोन वह्यांमधील दुभाष्या

श्रोतेहो, एका पेढीची हुंडी दुसऱ्या गांवच्या पेढीवर वटविण्याची रीत आपल्या देशांत फार जुनी आहे. दोन्ही पेढ्यांच्या वह्या निराळ्या, मुनीम निराळे. तरी एकीचा शब्द दुसरीला मान्य असे. आज हुंडीची जागा क्षणांत पोंचणाऱ्या संदेशानें घेतली आहे. परंतु जुना प्रश्न कायम आहे: एकच व्यवहार दोन वह्यांत सारखाच नोंदला जाईल, याची हमी काय?

नोटा देणारीं यंत्रें, म्हणजे एटीएम, आपल्याकडे आलीं, तेव्हां बहुधा प्रत्येक बँकेचें यंत्र तिच्या स्वतःच्याच खातेदारांच्या उपयोगी पडे. १९९७ सालीं इंडियन बँक्स असोसिएशननें मुंबईंत ‘स्वधन’ नांवाचें सामाईक जाळें सुरू केलें. पुढें २००४ सालीं ‘नॅशनल फायनान्शियल स्विच’ उभा राहिला व २००९ च्या डिसेंबरांत तो नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या हातीं आला. यासाठीं कोणत्याही बँकेला आपली हिशेबपद्धति मोडावी लागली नाहीं. प्रत्येकीनें आपल्या दारांत एक दुभाष्या बसविला. त्यालाच गेटवे म्हणतात. घरांतली बोली तो सर्वमान्य भाषेंत मांडतो व बाहेरचें उत्तर घरच्या बोलींत सांगतो. ती सर्वमान्य भाषा म्हणजे १९८७ सालीं ठरलेला ‘आयएसओ ८५८३’ हा संकेत. त्यांत ‘०२००’ म्हणजे पैशांची मागणी आणि ‘०२१०’ म्हणजे तिचें उत्तर.

आतां खरी मेख पाहा. यंत्र एका बँकेचें, खातें दुसरीचें. मागणी पोंचली, दुसऱ्या बँकेनें खात्यांतून रक्कम वजा केली, होकारही धाडला. पण तो वाटेंतच हरवला. यंत्र वाट पाहून थांबलें व नोटा बाहेर आल्या नाहींत. येथें कोणाचीही वही खोटी नाहीं, तरी खातेदाराचे पैसे मात्र अधांतरीं राहिले!

उत्तर न येणें म्हणजे नकार नव्हे, हें या शास्त्राचें पहिलें सूत्र होय. म्हणून यंत्राची बँक ‘०४२०’ हा उलट नोंदीचा संदेश धाडते आणि पोंच मिळेपर्यंत पुनःपुन्हां धाडते. प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असल्यामुळें तोच संदेश दोनदां आला तरी रक्कम एकदांच परत जमा होते. एवढ्यावरही फरक उरला, तर दोन्हीकडच्या नोंदी ताडून तो शोधावा लागतो.

रिझर्व्ह बँकेनें २० सप्टेंबर २०१९ रोजीं याविषयीं स्पष्ट दंडक घातला. खात्यांतून रक्कम गेली पण एटीएममधून नोटा आल्या नाहींत, तर व्यवहारानंतर पांच दिवसांच्या आंत ती परत जमा झाली पाहिजे. पुढील प्रत्येक दिवसाच्या विलंबाला १०० रुपये भरपाई, आणि तीही खातेदारानें तक्रार करण्याची वाट न पाहतां.

श्रोतेहो, अशा वेळीं यंत्राची पावती फेंकून देऊं नका. तिच्यावरील क्रमांक जपून ठेवा. दोन्ही वह्यांत तोच एक शब्द समान असतो. व्यवहाराचा वेग यंत्रानें वाढविला. पण दोन वह्यांचा मेळ बसविण्याचें जुनें कर्तव्य त्यानें कमी केलेलें नाहीं, उलट अधिक कडक केलें आहे.