कोणाकडे जायचं, हे सांगणं आपलं काम

डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

हल्ली आपल्या दवाखान्यात रुग्ण सगळ्यांत शेवटी येतो. हृदयाचे, मेंदूचे, हाडांचे डॉक्टर करून झालेले असतात, काखेत जाडजूड फाइल असते, आणि तो विचारतो, "आता कोणाला दाखवू?" छातीत दुखलं म्हणून तो थेट हृदयरोगतज्ज्ञाकडे गेलेला असतो, तेही शेजाऱ्याच्या सांगण्यावरून. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. छातीतली कळ हृदयाची, पित्ताची, बरगडीच्या स्नायूची की अजून अंगावर न उठलेल्या नागिणीची, हे त्याने कसं ओळखावं? ते ओळखायलाच तर आपण साडेचार वर्षं शिकलो आणि वर इंटर्नशिप केली. आपलं कुठलं इंद्रिय बिघडलंय हे दुखणाऱ्या माणसालाच ठरवावं लागतं, हा मला आजच्या वैद्यकसेवेतला सर्वांत मोठा दोष वाटतो.

मध्यंतरी चक्कर येते म्हणून एक आजोबा आले. मानेचा एमआरआय झालेला, कान तपासून झालेले, गळ्यात पट्टा. मी त्यांना घरात असतील तेवढ्या गोळ्या आणायला सांगितल्या. सुनेने पिशवी टेबलावर रिकामी केली. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन होती. त्या गोळीने पाय सुजले, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी दिली होती. प्रोस्टेटसाठी तिसऱ्यांची टॅमसुलोसिन होती. झोपवून बीपी घेतलं, वरचा आकडा 148. उभं करून दोन मिनिटांनी घेतलं, 112. एकेकाची चिठ्ठी वाचली तर कुणाचंच चुकलेलं नव्हतं. पण सगळ्या गोळ्या एकाच माणसाच्या पोटात जात होत्या आणि ती पिशवी कुणी उघडली नव्हती. त्या डॉक्टरांशी फोनवर बोलून गोळ्या बदलल्या, चक्कर थांबली.

म्हणून सगळं आपल्याच टेबलाशी अडवून ठेवायचं, असं मात्र कुणी समजू नये. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, तर त्या माणसाला बाकावर बसवून ठेवणं हा गुन्हा आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच द्यायचं असतं. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयाकडे त्याला तत्काळ पाठवा. मुलाच्या अंडकोषात अचानक कळ आली तर सर्जनच्या हाती जेमतेम सहा तास असतात. डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखं वाटलं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, स्तनात गाठ लागली, तर "आठ दिवस गोळ्या घेऊन बघू" हे वाक्य आपल्या तोंडून निघता कामा नये.

आता एक कडू गोष्ट बोलते. आपण चिठ्ठी दिली की रुग्णाच्या मनात पहिली शंका येते, यात डॉक्टरचा कट किती? ही शंका हवेतून आलेली नाही. 2017 साली राज्य सरकारला कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा करायला घ्यावा लागला, ही आपल्या सगळ्यांना मान खाली घालायला लावणारी बाब आहे. ज्याच्या सल्ल्यात पाकीट दडलेलं आहे, त्याने "आधी माझ्याकडे या" असं कोणत्या तोंडाने म्हणावं?

चिठ्ठीही नीट लिहायला हवी. "प्लीज डू द नीडफुल" एवढं खरडून खाली सही ठोकली, तर ती पोस्टमनची कामगिरी झाली. मला काय शंका आहे, काय तपासलं, कोणती औषधं चालू आहेत, कशाची अ‍ॅलर्जी, क्रिएटिनिन किती, आणि तुमच्याकडून मला नेमकं कशाचं उत्तर हवं आहे, एवढं तरी त्यात हवंच. तज्ज्ञानेही उलट टपाली दोन ओळी लिहाव्यात, असा आग्रह आपण धरला पाहिजे.

"साधा एम.बी.बी.एस." असं आपल्याविषयी म्हटलं जातं आणि आपणही ते ऐकून घेतो. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू चावलेल्या माणसांच्या उशाशी बसून नाडी, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. ती निरीक्षणं 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली, आणि पुढे प्राझोसिनच्या उपचाराने कोकणात कितीतरी जीव वाचले. रोगाची पहिली चाहूल आपल्याच बाकावर लागते. फक्त बघायला वेळ दिला पाहिजे.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला, रुग्ण पाठवण्यासाठी सगळ्यांनी वापरायची एकच छापील चिठ्ठी, मराठी प्रतीसह, म्हणजे रुग्णालाही ती वाचता येईल. दुसरा, आपल्या दवाखान्याच्या दर्शनी भागात पाटी लावायची: येथे कोणत्याही रुग्णालयाकडून वा लॅबकडून कमिशन घेतलं जात नाही. पाटीचा नमुना बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांना ती उद्यापासून लावता येईल, त्यांनी आज जाण्यापूर्वी तिथल्या वहीत नाव लिहावं.