त्रिकोणाची घडी

निवृत्त फौजीला बोलायला बोलावलं की लोकांना बर्फातल्या चौक्यांच्या गोष्टी हव्या असतात. त्या पुन्हा कधीतरी. आज मी त्रिकोणावर बोलणार आहे, तोही शाळेच्या पुस्तकातला. हाताशी कागद आणि कात्री असेल तर घेऊन बसा, नुसतं ऐकून यातली गंमत कळत नाही.

निवृत्तीनंतर मी महूला राहतो. नातू हैदराबादला, इंग्रजी माध्यमात. रविवारी व्हिडिओ कॉल असतो. मागच्या महिन्यात त्याचा चेहरा पडलेला होता. गणिताच्या चाचणीत दोन गुण गेले होते. प्रश्न होता, दिलेल्या त्रिकोणाचे सममितीचे अक्ष काढा. (तो ‘लाइन ऑफ सिमेट्री’ म्हणतो, आपण सममितीचा अक्ष म्हणू.) त्रिकोण विषमभुज होता. याने वरच्या शिरोबिंदूतून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंत रेघ ओढली, आणि बाईंनी लाल फुली मारली.

“आजोबा, पण दोन्ही भाग सारखेच आहेत ना? मी चौकोन मोजले!”

आणि खरं सांगतो, त्याचं मोजणं बरोबर होतं. त्या रेघेला मध्यगा म्हणतात. ती पायाचे दोन समान तुकडे करते, उंची दोन्ही भागांची एकच, म्हणून क्षेत्रफळ अगदी समान. दोन भावांत त्रिकोणी शेत वाटायचं असेल तर मध्यगेवर बांध घाला, कुणाची तक्रार येणार नाही. पण प्रश्न वाटणीचा नव्हता. सममिती म्हणजे त्या रेघेवर घडी घातली की एक भाग दुसऱ्यावर तंतोतंत बसला पाहिजे, टोकावर टोक, कडेवर कड.

मी म्हटलं, “अरे, काप आणि दुमड.” त्याने कापला, दुमडला. एका बाजूला कोपरा बाहेर डोकावत राहिला. “क्षेत्रफळ तर तेवढंच आहे,” तो पुटपुटला. आहेच. पण मध्यगा पायावर तिरकी पडते आहे. घडी घातल्यावर पायाचं एक टोक दुसऱ्यावर यायला हवं असेल, तर ती मध्यगा पायाला काटकोनात हवी. म्हणजे मध्यगा आणि शिरोलंब एकच रेषा झाली पाहिजे. हे घडतं कुठे? जिथे त्या शिरोबिंदूपासून निघणाऱ्या दोन्ही बाजू समान लांबीच्या असतात तिथे, म्हणजे समद्विभुज त्रिकोणात.

इथे जरा थांबू, कारण पुढचा भाग मला स्वतःला फार आवडतो. शाळेत आपण पाठ केलं: समभुजाला तीन अक्ष, समद्विभुजाला एक, विषमभुजाला शून्य. मग दोन कुणाला? आयताला आहेत. त्रिकोणाला का नाहीत?

त्रिकोणाला कोपरे तीन. घडी बसली, तर प्रत्येक कोपरा कुठल्यातरी कोपऱ्यावरच पडणार. दोघांची जोडी जमली की तिसरा एकटा उरतो. त्याला जोडीदार नाही, म्हणून तो स्वतःवरच पडला पाहिजे, म्हणजे घडीच्या रेघेवरच असला पाहिजे. म्हणून त्रिकोणाचा अक्ष नेहमी एका शिरोबिंदूतून जातो आणि त्या शिरोबिंदूच्या दोन्ही बाजू समान असतात. आता समजा, दोन शिरोबिंदूंतून अक्ष निघाले. पहिला म्हणतो, बाजू अ ब आणि अ क समान. दुसरा म्हणतो, ब अ आणि ब क समान. झालं! तिन्ही बाजू समान झाल्या आणि तिसरा अक्ष न मागता मिळाला. त्रिकोणाला दोनवर थांबताच येत नाही.

कोनांवरून मात्र घाईने निकाल देऊ नका. कपडे टांगायचा हँगर बघा, विशालकोन, तरी एक अक्ष आहे. कंपासपेटीत दोन गुणे असतात, दोन्ही काटकोनी. ४५ अंशांच्या गुण्याला एक अक्ष आहे, ३०-६० च्या गुण्याला एकही नाही. पण असे दोन सारखे गुणे पाठीला पाठ लावून ठेवले की समभुज त्रिकोण तयार होतो, तीन अक्षांचा.

या काटकोनी त्रिकोणाशी माझा जुना हिशेब आहे. नवा लेफ्टनंट होतो. जवानांना बढतीसाठी शिक्षणाची परीक्षा द्यावी लागते, त्यांचा वर्ग मी घेत होतो. फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला, एक बाजू आडवी, एक उभी, दोन्ही समान. मी ठणकावून सांगितलं, याला सममितीचा अक्ष नाही. मला उभी किंवा आडवी रेघच दिसत होती. मागून एक जवान उठला, “साहब, एक है.” मी म्हटलं, बैठ जाओ. तो बसला नाही. त्याने प्रथमोपचाराच्या पिशवीतून त्रिकोणी पट्टी काढली. चौरस कापड कर्णावर कापलं की ती होते, तीही समान बाजूंची काटकोनीच. त्याने तिची दोन टोकं एकमेकांवर ठेवली आणि कापड झटकलं. घडी काटकोनातून तिरकी निघाली होती. कड कडेवर बसली होती.

वर्गात कुणी हसलं नाही, फौजेत हसत नाहीत. मी म्हटलं, “पट्टी उपचारासाठी असते, खेळायला नाही,” आणि त्याला तास संपेपर्यंत उभं ठेवलं. त्या रात्री मेसमध्ये हातरुमाल कर्णावर दुमडून पाहिला. एकदा नाही, तीन-चारदा. दुसऱ्या दिवशी फळ्यावरचं उत्तर मी दुरुस्त केलं, पण ते कुणी दाखवून दिलं, हे वर्गाला सांगितलं नाही.

हे मी नातवाला सांगितलं. त्याने विचारलं, “मग त्यांना सॉरी म्हटलंत?”

म्हटलं, नाही. थोड्याच दिवसांत माझी बदली झाली. आणि बदली हे कारण नाही, तेवढे दिवस पुरेसे होते.

तो काही बोलला नाही. कॅमेऱ्यासमोर त्याने आपला विषमभुज त्रिकोण उलगडला. एक घडी जुळली नाही म्हणून त्याने उरलेल्या दोन्ही शिरोबिंदूंतूनही मध्यगांवर घड्या घालून पाहिल्या होत्या. एकही जुळली नव्हती. बाईंची फुली बरोबर होती, हे त्याने मान्य केलं. पण कागदावर तीन वळ्या उमटल्या होत्या, आणि तिन्ही एकाच ठिकाणी एकमेकींना छेदत होत्या.

“आजोबा, हे कसं झालं?”

ते पुढच्या वेळी. तोवर तुम्हीही एक वेडावाकडा त्रिकोण कापून बघा.